परतीचं पाणी

"बाबा, या गारठ्यात तुम्ही बसायचं काय कारण?"

सबनीस दारातूनच कडाडला. आत चंद्राबाई गोधडीत खोकत पडली होती आणि तिच्या उशाशी, जमिनीवर, गिरीबाबा बसले होते.

बाबा तिची गोधडी सारखी करत राहिले.

"तुमच्या खोलीत निदान थोडी तरी ऊब आहे. तिकडे चला."

"हिलाही म्हटलं, तिकडे चल. येत नाही."

"बाबांच्या खोलीत मी झोपू?" चंद्राबाई गोधडीतूनच म्हणाली. "त्यापेक्षा थंडीनं मेलेली बरी."

गढवालातल्या डोंगरावर आमचा हा लहानसा आश्रम. बर्फ पडलं की खालचा रस्ता बंद होतो. सबनीस पुण्याचा इंजिनिअर, तिथं कॉलेजात शिकवतो. आपण बाबांचे लाडके शिष्य आहोत, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. आश्रमात ऊब आणली ती मात्र त्यानंच, हे मान्य करायला हवं. लाकडावर पेटणारा मोठा बंब त्यानं बसवला. बंबातलं गरम पाणी नळानं खोल्याखोल्यांतून फिरायचं, भिंतीवरचे लोखंडी रेडिएटर तापवायचं आणि पुन्हा बंबात यायचं. ते फिरवायला विजेचा पंप. नळ आधी बाबांच्या खोलीत, मग पाहुण्यांच्या, मग आम्हा शिष्यांच्या आणि सगळ्यांत शेवटी चंद्राबाईच्या. ती आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करते. आमच्याकडे पानं वाढायचा जो क्रम, तोच नळाचा.

तो पंप जळाला होता. त्याच्याविना गरम पाणी जेमतेम बाबांच्या खोलीपर्यंत चढायचं, पुढं नाहीच. चंद्राबाईची छाती कफानं भरली होती आणि तिच्या भिंतीवरचं लोखंड हात लावू म्हटलं तरी लावता येत नव्हतं, इतकं गार होतं.

सबनीसच्या काखेत राखून ठेवलेला दुसरा पंप होता. तोही जळाला असता, तर रस्ता उघडेपर्यंत तिसरा मिळणार नव्हता. तोवर चंद्राबाई तग धरेल, असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

"कंपनीनं फसवलं, बाबा. सरळ भामटेगिरी! एक हिवाळा धड निघाला नाही. मी सोडणार नाही त्यांना."

"हा कुठं बसवणार?"

"होता तिथंच. बंबातून गरम पाणी बाहेर पडतं, त्या तोंडाशी."

"तिथंच बसवायचा असतो?"

सबनीस घुटमळला. पण खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"तसं पाहिलं तर... परतीच्या नळावर बसवतात. सगळीकडे फिरून, निवून पाणी बंबाकडे येतं ना, तिथं. तोंडाशी पाणी उकळतं, वाफ धरते. वाफेत पंप टिकत नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत? बाबा, मी पोरांना शिकवतो हे!"

"मग?"

सबनीसनं काखेतला पंप छातीशी धरला.

"मग, सबनीस?"

"तो पंप म्हणजे माझी सेवा आहे, बाबा. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तुमच्याकडे ताजं पाणी पाठवणारा पंप. तो काय शेपटाला लावू? सगळ्यांच्या खोल्यांतून..." त्यानं चंद्राबाईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते पाणी उष्टं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या गृहस्थानं सगळं ठाऊक असून पंप चुकीच्या जागी लावला, तो जाळला, एका आजारी बाईचा जीव धोक्यात घातला आणि वर कंपनीच्या नावानं शंख करत होता! मी तोंड उघडलं, तोच बाबांनी हात वर केला. माझा राग गेला नाही.

चंद्राबाईच्या उशाशी पेजेची वाटी होती. दोन घोट घेऊन तिनं ती बाजूला ठेवली होती. बाबांनी वाटी उचलली.

"बाबा, उष्टी आहे हो ती!" चंद्राबाई धडपडत उठून बसली.

बाबा सगळी पेज प्यायले. बोटानं वाटी पुसली, बोट चाटलं.

सबनीस लालबुंद झाला. "हे काय केलंत, बाबा? आम्ही इकडे तुमचं सोवळं जपतो, आणि तुम्ही..."

"बंबाच्या तोंडाचं पाणी ताजं, म्हणालास."

"हो."

"ते बंबात येतं कुठून?"

"कुठून म्हणजे? पर..."

तो थांबला.

"रोज नवं भरतोस?"

"नाही. एकदा भरलं की तेच फिरतं."

"मग माझ्या खोलीत पहिल्यांदा येतं, ते कुणाच्या खोलीतून आलेलं?"

चंद्राबाई खोकत राहिली.

बाबांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"माझा मान राखलास म्हणे! त्या मानापायी ही बाई इथं कुडकुडतेय. मी मागितला होता तुझ्याकडे हा मान? कधी मागितला, सांग ना!"

...

सबनीस पंप घेऊन निघून गेला. मी बंबात लाकडं घातली. परतीचा नळ जिथं बंबात शिरतो, तिथं त्यानं नळ कापला आणि पंप बसवला. या वेळी नारळ नाही, कुंकू नाही. बटण दाबलं. पंप हळू आवाजात घुमू लागला.

तो धावतच चंद्राबाईच्या खोलीत आला. हात काळे झालेले, डोळे भरलेले.

"बाबा, झालं. परतीवरच बसवला. तुमच्या खोलीतला रेडिएटर तापलाय, मी हात लावून आलो. आता तरी उठा. पाणी पोचलं तुम्हाला."

बाबा उठले. पण दाराकडे गेले नाहीत. चंद्राबाईच्या भिंतीवरच्या लोखंडावर त्यांनी तळवा टेकला. ते अजून गारच होतं. तळवा तसाच ठेवून ते उभे राहिले.

"मला अजून नाही पोचलं."