मल्हारीच्या नावानं भरलेलं मैदान

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध वस्ताद राहत होते. त्यांच्या तालमीच्या वतीनं दरवर्षी माघ महिन्यात कुस्त्यांचं मैदान भरे. वस्तादांचं शरीर थकलं, तेव्हा त्यांनी मैदानाची सारी व्यवस्था आपला शिष्य रावजी याच्याकडे सोपवली. रावजी स्वतः मोठा मल्ल कधी झाला नाही. पण माणूस कष्टाळू होता, गुरूवर त्याची निष्ठा होती. एकच चिंता त्याला आतून पोखरत असे. वस्तादांच्या काळात गजबजलेलं मैदान आपल्या हाती आल्यावर ओस पडलं, तर लोकांना तोंड कसं दाखवायचं?

या चिंतेवर त्याला मल्हारीच्या रूपानं उतारा सापडला. मल्हारी त्याच तालमीत वाढलेला तरुण मल्ल. देखणा, चपळ आणि मातीत उतरला की नजर खिळवून ठेवणारा. त्याची कुस्ती पाहायला दूरदूरच्या गावांहून माणसं येऊ लागली. रावजीनं फलकांवर त्याचं चित्र लावलं. पहिल्या वर्षी तालमीचं नाव वर ठळक होतं आणि मल्हारीचं चित्र खाली कोपऱ्यात. पुढं चित्र मोठं होत गेलं, नाव बारीक होत गेलं, आणि अखेर फलकावर मल्हारी तेवढा उरला. गावातला एक तेलाचा व्यापारी मैदानाचा खर्च उचलत असे. त्यालाही हे पसंत पडलं. लोक चेहरा ओळखतात, असं त्याचं म्हणणं होतं.

गर्दी वाढली, पण रावजीची झोप काही परत आली नाही. उलट आता मल्हारी नुसता खोकला तरी तो काढा घेऊन धावे. तो काय खातो, कुणाबरोबर बोलतो, दुसऱ्या मैदानाचं कुणी त्याला भेटून गेलं का, यावर रावजीचा डोळा असे.

त्या वर्षी मैदानाच्या दिवशी सकाळी रावजी तालमीत गेला, तेव्हा मल्हारी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं पाय लांब पसरला होता आणि गुडघा सुजून टम्म झाला होता. सराव करताना तो केव्हाच दुखावला होता, पण मल्हारीनं कुणाला सांगितलं नव्हतं. रावजीनं मागचं दार लोटून घेतलं. बाहेर ट्रॅक्टर, टेंपो भरभरून माणसं उतरत होती.

त्यानं व्यापाऱ्याला बोलावून घेतलं. व्यापारी जराही गडबडला नाही. त्या दिवशी मल्हारीशी लढणार होता त्या दस्तगीर नावाच्या मल्लाला त्यानं बाजूला घेतलं आणि समजावलं, की चार डाव दाखवायचे, झटापट करायची आणि पाठ टेकायची. मल्हारीला जोर लावावा लागणार नाही, लोक खूश होऊन घरी जातील, आणि दस्तगीरचंही भलं होईल. दस्तगीर मान खाली घालून उभा राहिला. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. रावजीनं ते होच धरलं, कारण त्याला तेच हवं होतं.

"आणि लढताना मधेच गुडघा निसटला तर?" मल्हारीनं विचारलं.

व्यापारी आणि रावजी तोवर दाराकडे निघाले होते.

वस्तादांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. ते नेहमीप्रमाणे प्रमुख पंच म्हणून आखाड्याच्या कडेला खुर्चीवर बसले होते. दुपारपासून कुस्त्या सुरू झाल्या. हलगी कडाडत होती, एकेक जोड सुटत होती, आणि प्रत्येक कुस्तीनंतर लोक मल्हारीच्या नावाचा गजर करत होते. एरवी हा गजर ऐकून रावजीची छाती फुगायची. आज मात्र तो त्याला नकोसा झाला. रावजी कुस्ती पाहतच नव्हता. कधी वस्तादांच्या चेहऱ्याकडे पाही, तर कधी तालमीच्या दाराकडे.

शेवटी मल्हारी आला. लोक उठून उभे राहिले. त्यानं वाकून माती कपाळाला लावली, आणि उठताना सगळा भार एका पायावर घेतला. दस्तगीर समोर आला, पण त्याची नजर जमिनीवरून वर येईना. वस्तादांनी दोघांकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग काठी टेकत ते आखाड्यात उतरले आणि त्यांनी मल्हारीचं मनगट धरलं. गुरू आशीर्वाद देत आहेत, असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी निवेदकाकडून माइक मागून घेतला.

"मल्हारीचा पाय दुखावलाय," ते म्हणाले. "आज तो लढणार नाही. जे त्याच्यासाठी आले असतील त्यांनी खुशाल घरी जावं, आमचा राग नाही. जे थांबतील त्यांना इथं खरी कुस्ती बघायला मिळेल."

एकच कल्लोळ उठला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी शिव्या घातल्या, कुणाची तरी चप्पल आखाड्यात येऊन पडली. व्यापारी सर्वांत आधी उठून गाडीत बसला. रस्त्याकडची अख्खी बाजू रावजीच्या डोळ्यांदेखत रिकामी होऊ लागली.  तो कसाबसा वस्तादांपाशी पोचला आणि म्हणाला, की मैदान बुडालं, इतक्या वर्षांचं सगळं एका वाक्यात बुडालं.

 वस्तादांनी दस्तगीरला जवळ बोलावलं आणि हात वर करून आखाड्याभोवती फिरायला सांगितलं, म्हणजे ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्यानं पुढं यावं. दस्तगीर एक फेरा फिरला. कुणी उठलं नाही. दुसऱ्या फेऱ्याला रावजीनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात गर्दीत हालचाल झाली. पलीकडच्या गावचा एक गवळी पैलवान अंगातला सदरा काढत खाली उतरत होता. पंचांनी दोघांना शेजारी उभं करून पाहिलं आणि जोड मान्य केली.

या दोघांची नावं फारशी कुणाला ठाऊक नव्हती. पण हलगी वाजू लागली आणि दस्तगीर असा लढला, जणू मानेवरचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवलं होतं. त्यानं गवळ्याला दोनदा खाली घेतलं. गवळी दोन्ही वेळा निसटला. रस्त्याला लागलेली काही माणसं आवाज ऐकून थबकली, मग टाचा उंचावून पाहू लागली. दिवस कलल्यावर गवळ्यानं दस्तगीरला चीत केलं, अगदी स्वच्छ. पाठ टेकलेला दस्तगीर उठला तो हसतच. थांबलेल्या लोकांनी दोघांनाही फेटे बांधले.

सारं आवरल्यावर तालमीत वस्ताद स्वतःच्या हातानं मल्हारीच्या गुडघ्याला लेप लावत बसले. रावजी दाराशी घुटमळत होता. शेवटी त्यानं सकाळचं सगळं सांगून टाकलं.

"दस्तगीरची मान बघूनच समजलं होतं," वस्ताद म्हणाले. "रावजी, लांबची माणसं मल्हारीनं आणली, हे मी नाकारत नाही. तालमीच्या नुसत्या नावानं एवढी आली नसती. पण आलेला माणूस उन्हात का बसतो? इथं पडतो तो खराच पडतो, हे त्याला माहीत असतं म्हणून. मल्हारी मोठा झाला तोही त्याच विश्वासावर. आज दस्तगीर खोटा पडला असता, तर मल्हारीनं आजवर जिंकलेल्या सगळ्या कुस्त्या खोट्या ठरल्या असत्या. तालमीचं नाव गेलं असतं, याचंही गेलं असतं, आणि कदाचित पायही. मल्ल आहे तो. दुखावणार, हरणार, उद्या दुसरीकडे जाणार. तेवढी मोकळीक त्याला असायला हवी. तू अख्खं मैदान या पोराच्या एका गुडघ्यावर उभं केलंस."

मल्हारीनं तोंड फिरवलं होतं. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "येणार ना, असं सगळे विचारत होते. कसा आहेस, असं कुणी विचारलं नाही."

रावजी त्याच्या शेजारी जाऊन बसला. वस्तादांच्या हातातली लेपाची वाटी त्यानं स्वतःकडे घेतली.

पुढच्या वर्षी व्यापाऱ्यानं हात आखडता घेतला. फलकावर तालमीचं नाव होतं आणि त्याखाली सगळ्या जोड्यांची नावं होती, त्यांत मल्हारीचंही होतं. गर्दी बेताची होती. पाय बरा झालेला मल्हारी त्या दिवशी जोरात लढला आणि हरला.  सवयीनं रावजीची नजर रस्त्याकडच्या बाजूला गेली. लोक मल्हारीसाठी टाळ्या वाजवत होते आणि आपापल्या जागेवर बसून पुढच्या जोडीची वाट पाहत होते. कुणीही उठलं नव्हतं.

मग रावजी आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसला, आणि कित्येक वर्षांनी त्यानं एक कुस्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.