शाईविना अंगठा

पाळी संपत आली होती आणि लटारी टेकामच्या अंगात उभं राहायचंही त्राण उरलं नव्हतं. बावीस वर्षं खाणीत काढून खोकला आता घरचाच झाला होता. त्यात मॅनेजर वझलवार साहेब कोरं पांढरं हेल्मेट घालून थेट खाली, कोळसा फुटतो तिथे, आले. पंखे वाढवा, पाणी मारा, असा कामगारांचा वर्षभर तगादा होता. तो मिटवायला साहेबांनी कागदच लिहून आणला होता: ‘खाणीत हवा शुद्ध, धूळ नाही.’ त्यावर तासभर भाषणही झालं.

“तू कामगारांचा पुढारी ना? कर अंगठा!”

पण शाईचा पॅड वर ऑफिसातच राहिला होता. साहेब भडकले.

“राहू द्या जी,” लटारी दमल्या आवाजात म्हणाला. बाटलीतल्या पाण्यानं त्यानं अंगठा स्वच्छ धुतला, साहेबांना दाखवला, त्यांच्या हेल्मेटवरून फिरवला आणि कागदावर दाबला. रेघ न् रेघ काळीभोर उमटली.

“आता धाडा हा कागद वर. शाई कोठची म्हणून कोणी इचारलं, तं सांगा, एका तासात साहेबाच्याच डोक्यावर जमली.”