दामूअण्णांच्या धोतराला लागलेला इस्तो

पंचफुलाने कोरड्यास मागितलं, तर दामूअण्णांनी तिच्या पानात तिसरी कोरडी भाकरी आणून आदळली!

“अवो, कोरड्यास म्हंजे भाकरीसंगं खायाची पातळ भाजी!” ती म्हणाली.

“मग तसं नीट बोलावं! ही राजधानीतली खानावळ आहे. तुमचं वऱ्हाडी आम्हाला कळत नाही!” दामूअण्णा फणकारले आणि पाटावर जाऊन विड्याचं पान लावत बसले.

पंचफुला आणि तिच्या गावची मंडळी वऱ्हाडातून कापसाच्या बारा गाड्या घेऊन आली होती. चार दिवस हेच चाललं होतं. वरण मागावं तर मीठ यायचं, पाणी मागावं तर कुणी फिरकायचंच नाही! शेवटी पंचफुलाचा बाप वाटीत डोकावून पुटपुटला, “या वरनात तं तोंड दिसते माह्यं!”

दामूअण्णांच्या कपाळाला झर्रकन आठी पडली. पंचफुलाने ती बरोबर टिपली. बोली कळत नाही, मग आठी कशी पडली? ती उठली आणि तडक राजवाड्यावर गेली.

मानाजीराजे मोठे हट्टी. त्यात दामूअण्णांचा रस्सा त्यांच्या खास आवडीचा. अण्णांना बोली कळते, तरी ते मुद्दाम चुकीचं वाढतात, ही पंचफुलाची तक्रार ऐकून त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं.

“महाराज, शब्दच कळत नाही, तर वाढू काय?” अण्णांनी हात जोडले.

“खरंय! आम्हालाही हिचं निम्मं कळत नाही,” राजे म्हणाले. “पोरी, अण्णांना तुझी बोली कळते हे सिद्ध कर. आत्ता, इथे! नाही जमलं तर त्यांची माफी मागायची, आणि तुमच्या गाड्यांना आमची पेठ बंद!”

दरबारात खसखस पिकली. माणसाच्या डोक्यातलं बाहेर काढून दाखवायचं कसं? बारा घरांचा वर्षाचा कापूस गाड्यांत पडून होता. पंचफुलाने अण्णांच्या धोतराकडे पाहिलं. ती हळूच अण्णांच्या मागे गेली आणि एकदम किंचाळली,

“अवो अन्नाजी! तुमच्या धोतराले इस्तो लागला!”

राजांनी प्रधानांकडे पाहिलं, प्रधानांनी राजांकडे. इस्तो म्हणजे काय, कुणालाच उमगेना. दामूअण्णा मात्र टुणकन उडाले आणि दोन्ही हातांनी धोतर झटकत दरबारभर नाचत सुटले!

“अवो माय वो! कुठी लागला? इझवा ना लवकर!”

“अण्णा! हे काय चाललंय?” राजे ओरडले.

“काई नाई, महाराज!” पंचफुला म्हणाली. “इस्तो म्हंजे विस्तव. साऱ्या दरबारात तो यकट्या अन्नाजीलेच समजला. अन् इझवाले सांगतलं तेबी आमच्याच बोलीत! आता इचारा त्याईले, गाव कोनतं?”

अण्णांनी हातातला धोतराचा सोगा सोडला. मान खाली गेली. “वऱ्हाडातलंच, महाराज,” ते पुटपुटले.

राजे इतके हसले, इतके हसले, की पगडी सुटून मांडीवर आली! त्यांनी बोटातली अंगठी काढून पंचफुलाला दिली आणि बाराही गाड्या कापूस राजवाड्यासाठी तिथल्या तिथे विकत घेतला.

“आणि अण्णा,” डोळे पुसत राजे म्हणाले, “आज या मंडळींची पंगत इथेच बसेल. वाढणार तुम्ही! आम्हीही बसतो पंगतीला. वऱ्हाडीत मागून पाहू. चुकलं तरी तुम्हाला कळेलच!”