बेटावर गेलेला राजवैद्य

पूर्वी शोणवती नगरीत धृतिमान नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजवैद्यांच्या घराण्यात जन्मला. त्याचे नाव सुचेत. वडिलांच्या मागे तोच राजवैद्य झाला. त्याच्या हाताला गुण होता, आणि बोलणे इतके मऊ की उंबरठा ओलांडतानाच रोगी निम्मा बरा होतो, असे लोक म्हणत.

त्या नगरीत एक जुनी चाल होती. ज्याच्या अंगावर कोड उठे, त्याला नदीतल्या बेटावर नेऊन सोडत. पूर्वजन्मीचे पाप कातडीवर उमटते आणि अशा माणसाला शिवले की ते आपल्यालाही लागते, अशी सर्वांची समजूत होती. डाग कोडाचा की साध्या नायट्याचा, हे ठरवणे राजवैद्याचे काम. बोधिसत्त्व डागावर बोट दाबून पाही आणि हलक्या आवाजात निर्णय सांगे. मग नावाडी त्या माणसाला घेऊन जाई. जाणाऱ्याला तो आपल्या घरून कांबळे आणि धान्य देई. आपल्या हातून काही वाईट घडते आहे, असे त्याला कधी वाटले नाही. आजोबांनी हेच केले होते, वडिलांनीही हेच केले होते.

एके दिवशी एका माळ्याची बायको त्याच्यापुढे आली. तिचे नाव उत्पला. कडेवर अंगावर पिणारे मूल होते आणि हनुवटीखाली पांढरा डाग. सोबत तिची सासू धनिका होती. बोधिसत्त्वाने डाग दाबून पाहिला आणि म्हणाला, "कोड आहे."

उत्पलाने मूल सासूच्या हाती देऊ केले. पण ते आईचा पदर सोडीना.

धनिका म्हणाली, "वैद्यराज, हिचं पाप कोणतं, एवढं तरी सांगा. मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा हिनं माझं सगळं केलं. पाप करणारी माणसं मला ठाऊक आहेत. आमच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या अंगावर साधा तीळसुद्धा नाही."

"आजी, हे पाप या जन्माचं नसतं."

"मग मागच्या जन्मातलं तुम्ही पाहिलंत का?"

बोधिसत्त्व त्या मुलाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शरदाचा उत्सव होईपर्यंत हिला घरीच ठेवा. मी विचार करून सांगतो."

नगरीबाहेर आंब्याच्या राईत एक धर्मशाळा होती. नाना मतांचे श्रमण आणि परिव्राजक तिथे उतरत आणि दिवसभर वाद करीत, म्हणून तिला कुतूहलशाला म्हणत. कोणीतरी शहाणा माणूस आपली जुनी समजूत पक्की करून देईल आणि मनाची तळमळ थांबेल, या आशेने बोधिसत्त्व तिथे गेला.

प्रथम त्याला कटंक नावाचा वृद्ध नियतीवादी भेटला. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "पापही नाही आणि पुण्यही नाही. जे व्हायचं ते आपल्या वेळी होतं. डाग पडायचा होता, पडला. म्हाताऱ्याचे केस पांढरे होतात, तेव्हा त्यालाही तुम्ही बेटावर सोडता का? तुमच्याच कानशिलावर चार केस पिकलेत."

"सगळं ठरलेलंच असेल, तर मी औषध तरी कशाला देऊ?" बोधिसत्त्वाने विचारले.

"नका देऊ," कटंक शांतपणे म्हणाला.

हे काही बोधिसत्त्वाला पटले नाही. पण केसांचा प्रश्न त्याच्या मनातून जाईना.

पलीकडे शरभ नावाचा एक माणूस ऊस खात बसला होता. डोळ्यांनी दिसेल तेवढेच खरे, असे त्याचे मत. तो मोठ्याने हसला. "वैद्यबुवा, तुम्ही त्या बेटावर कधी गेला आहात?"

"तिथं कोणी जात नाही."

"मग शिवल्यानं कोड लागतं, हे पाहिलं कोणी? नाडी न पाहता ज्वर सांगणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

भोवतालचे लोकही हसले. बोधिसत्त्वाचा चेहरा अपमानाने तापला. उठून निघून जावे असे त्याला वाटले. पण आपल्याला राग आला आहे म्हणून याचा प्रश्न खोटा ठरत नाही, हे त्याला कळत होते. तो बसून राहिला.

विशोका नावाची एक परिव्राजिका हे सारे ऐकत होती. लोक पांगल्यावर ती जवळ आली. "या दोघांचं मत मला मान्य नाही," ती म्हणाली. "कर्म आहे, असं मी मानते. पण दुसऱ्याचं कर्म वाचायचं सामर्थ्य माझ्यात नाही. तुमच्यात आहे का?"

"नाही."

"आणि कोड कशानं होतं, ते तुम्हाला नक्की ठाऊक आहे का?"

"आज सकाळपर्यंत ठाऊक होतं. आता नाही."

"ठाऊक नसणं हा काही गुन्हा नाही. पण तुम्हाला ठाऊक नाही, आणि घर सुटतं मात्र त्यांचं. तेवढा विचार करा."

बोधिसत्त्व घरी आला तो जड पावलांनी. त्याची पत्नी कुमुदा हिने विचारल्यावर त्याने घडले ते सगळे सांगितले. तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"या बोटानं तुम्ही इतक्या जणांचे डाग दाबलेत. मामंजींनीही दाबले. याच हातानं तुम्ही घरी येऊन मुलांना भरवलंत. आपल्या घरात कधी कोणाला कोड उठलं?"

बोधिसत्त्व आपल्या बोटाकडे पाहत राहिला. तो म्हणाला, "इतकी वर्षं हा हात माझ्याजवळच होता, कुमुदा. मी त्याला कधी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तो नदीवर गेला. नावाड्याने नाव बेटाला लावली. पण स्वतः काही नावेतून उतरला नाही. बेटावर बोरूच्या झोपड्या होत्या, वालाचे मांडव होते. लोकांनी राजवैद्याला ओळखले. काहींनी पाठ फिरवली. एक बाई मात्र धावत आली. "माझी मुलगी कुंभारवाड्यात राहते. आता मोठी झाली असेल. कशी दिसते?" बोधिसत्त्वाला ते ठाऊक नव्हते. त्याने मान खाली घातली.

बाहुक नावाच्या रथकाराला त्यानेच पूर्वी इथे पाठवले होते. बाहुकाने त्याला बसायला चटई दिली आणि तुंब्यातून पाणी पुढे केले. बोधिसत्त्वाचा हात मध्येच थबकला. बाहुकाने ते पाहिले आणि तो तुंबा मागे घेऊ लागला, तेव्हा बोधिसत्त्वाने दोन्ही हातांनी तो धरला आणि पाणी प्यायला.

बाहुकाची बायको नवऱ्याच्या मागोमाग आपणहून बेटावर आली होती. ती त्याच्याच ताटात जेवत आली होती. तिच्या अंगावर डाग नव्हता. तिच्यासारखी आणखीही माणसे तिथे होती. एका मुलाच्या पाठीवर मात्र डाग होता. त्याच्या बापाला कोड होते, आईला नव्हते. त्याचे कारण बोधिसत्त्वाला उमगले नाही. ते त्याने तसेच मनात ठेवले.

राजसभेत त्याने पाहिले तेवढे सांगितले. पुरोहित देवरात संतापला. "ही चाल मोडली, तर देव पाऊस देणार नाहीत!"

राजाने विचारले, "सुचेता, शिवल्यानं कोड लागत नाही, अशी तुझी खात्री आहे?"

"पूर्ण खात्री नाही, महाराज. पण लागतं अशी खात्री माझ्या वाडवडिलांनाही नव्हती. त्यांना विचारणारं कोणी भेटलं नाही, एवढंच. या अज्ञानाचं ओझं आजवर रोग्यांनी वाहिलं. आता ते वैद्याला वाहू द्या. उत्पला आणि तिचं मूल माझ्या घरी राहतील. आमच्या पंक्तीला जेवतील. पुढच्या शरदापर्यंत आम्हाला कोड उठलं, तर आम्ही सगळे आपण होऊन बेटावर जाऊ."

राजाने ते मान्य केले.

ते वर्ष सोपे गेले नाही. राजवैद्याच्या दारी येणारे रोगी थांबले. पाणक्याने येणे सोडले. पाऊस लांबला तेव्हा लोकांनी घरावर दगड मारले, आणि एक बोधिसत्त्वाच्या कपाळाला लागला. उत्पला रडत म्हणाली, "मला जाऊ द्या. माझ्यापायी तुमचं दार ओस पडलं."

कपाळाला पट्टी बांधता बांधता बोधिसत्त्व म्हणाला, "पोरी, आजवर जे गेले, त्यांना मी थांबवलं नाही. तुला तरी थांबवू दे."

पाऊस आला, आणि त्यामागोमाग तापाची साथ आली. ज्यांनी दगड मारले होते, तेच लोक तापलेली मुले खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. घरात हात कमी पडू लागले. उत्पला काढा उकळून एकेका मुलाला पाजू लागली. आयांनी तिच्या हनुवटीकडे पाहिले, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिले आणि वाटी घेतली. गरजेपुढे भीती मागे सरली. मुले बरी झाली. शरद आला, तरी त्या घरात किंवा त्या मुलांत कोणालाही कोड उठले नाही.

राजा स्वतः नाव घेऊन बेटावर गेला आणि त्याने सर्वांना परत येण्याची विनंती केली. पुष्कळ जण परतले. मुलीची चौकशी करणारी बाई सर्वांत आधी नावेत बसली. बाहुक मात्र म्हणाला, "महाराज, ज्यांनी आम्हाला निरोप दिला, ते आईबाप आता राहिले नाहीत. माझं घर आता इथंच आहे. फक्त नाव चालू ठेवा. आम्हीही येऊ, तुम्हीही या."

पुढे बोधिसत्त्व कुतूहलशालेत गेला, तेव्हा तिथे दुसरेच परिव्राजक वाद करीत होते. तो खाली बसला आणि ऐकू लागला. आयुष्यभर त्याने हा नेम मोडला नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धत्व मिळालेल्या बोधिसत्त्वाने, आपल्या विहारात सांगितली. त्या दिवशी दुसऱ्या मताचा एक परिव्राजक प्रश्न विचारायला आला होता, आणि त्याचे बोलणे उर्मट वाटले म्हणून भिक्षूंनी त्याला दारातूनच परत पाठवले होते.

शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा धृतिमान राजा म्हणजे आज आपल्यात असलेला स्थविर भद्रसेन. उत्पला ती भिक्षुणी सुतना, आणि धनिका ती तिची वृद्ध आई. कुमुदा आणि विशोका या दोघीही आज भिक्षुणीसंघात आहेत. राजवैद्य सुचेत मीच होतो. त्या जन्मी मला प्रज्ञापारमितेत, म्हणजे प्रज्ञेच्या पूर्णत्वाकडे, पुढे नेलं ते माझ्या विद्येनं नाही. माझी समजूत न मानणाऱ्यांचं मी ऐकलं, म्हणून मी पुढे गेलो."

भिक्षूंनी विचारले, "भगवन्, मोठ्यानं हसणारा तो शरभ आज कोण आहे?"

"तो बाहेर झाडाखाली बसला आहे," शास्ता म्हणाला. "अजून गेलेला नाही. त्याला आत बोलवा."