धुतलेले विरजण

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. सारा जन्म त्यांनी किनाऱ्यावरच्या मत्स्यालयात समुद्रातले मासे सांभाळण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर घरातली एक मोठी काचपेटी आणि तिच्यातले जीव एवढाच त्यांचा संसार उरला होता. शिकायला कोणी आले तर ते नाही म्हणत नसत. मात्र शिकवण्याची त्यांची एक रीत होती. काय करायचे ते सांगत, का करायचे ते सांगत नसत. कोणी विचारलेच तर त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहत, की तो दुसऱ्यांदा विचारीत नसे. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे.

त्यांच्या शिष्यांत सुमुख नावाचा एक तरुण होता. विनम्र, कष्टाळू आणि कमालीचा टापटिपीचा. त्याच्या घरी पाहुण्यांच्या चपलासुद्धा ओळीत लागत. पुण्याची नोकरी सोडून तो या काचपेट्यांच्या नादी लागला होता, आणि वडिलांनी त्याला बजावले होते, की दसऱ्यापर्यंत एखादे मोठे काम तडीस ने, नाहीतर मुकाट्याने पुण्याची गाडी पकड. गोड्या पाण्यातले मासे त्याने पुष्कळ सांभाळले होते. समुद्राच्या पाण्याला मात्र त्याने अजून हात लावला नव्हता.

आणि नेमके तेच काम चालून आले. दूध-दह्याचे व्यापारी शेटये बाजारपेठेत नवे दुकान थाटत होते. श्रीखंड घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातच समुद्र दिसला पाहिजे, अशी त्यांची हौस. उद्घाटन दसऱ्याला ठरले. निमंत्रणपत्रिकेवर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासेही छापून झाले. पेटीत मासा पडण्याआधीच तो पत्रिकेतून गावभर पोहोचला.

सुमुखने काम मनापासून केले. पेटी बसवली, तिचे पाणी फिरवून गाळणारी गाळणी जोडली, मीठ मोजून पाणी तयार केले, तळाला वाळू पसरली, खडक रचले. पाणी इतके निवळ, की पेटी रिकामीच आहे असे वाटावे. मग त्याने मोठ्या अभिमानाने गुरुजींना पाहायला बोलावले.

गुरुजींनी पेटीभोवती एक फेरी मारली, पिशवीतून मलमलची एक पुरचुंडी काढली आणि पाण्यात सोडली. तिच्यात मेलेली कोळंबी होती. सुमुख बघतच राहिला. गुरुजी म्हणाले, "काढू नकोस. कुजू दे." त्यानंतर त्यांनी एका डब्यातून स्पंजाचा एक तुकडा काढला. त्यांच्या स्वतःच्या पेटीतला, वर्षानुवर्षांचा, काळाकुट्ट, बुळबुळीत. तो शिष्याच्या हाती देऊन, "हा गाळणीत ठेव, आणि धीर धर," एवढेच सांगून ते निघून गेले.

सुमुखच्या मनाची मोठी कुचंबणा झाली. ज्या पाण्यात मासे सोडायचे, त्यात आधी मढे सोडायचे? पण गुरूची आज्ञा मोडणाऱ्यांतला तो नव्हता. कोळंबी त्याने जागची हलवली नाही. स्पंजाबद्दल मात्र त्याचे मन भरून आले होते. गुरुजींनी स्वतःच्या पेटीतले काढून आपल्याला दिले, ते तसेच घाणेरडे कसे ठेवायचे? त्याने तो तुकडा नळाखाली धरला, पिळला, पुन्हा धरला. काळे पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतला, कडक उन्हात वाळवला आणि पिवळाधमक झाल्यावर भक्तिभावाने गाळणीत ठेवला.

पेटीतून हळूहळू वास येऊ लागला. शेटये घरी कोळंबीवर ताव मारणारे गृहस्थ. पण दुकान म्हणजे त्यांचे देवघर. ते नाक धरून म्हणाले, "अरे, ह्या श्रीखंडाचा दुकान आसा. हय सुंगटा कुजवतंस?" सुमुखने कशीबशी समजूत काढली. गुरुजी सांगतील तसे चालले आहे, म्हणाला. काय चालले आहे ते त्यालाही ठाऊक नव्हते.

नवरात्र बसले. कोळंबी विरून गेली, वासही ओसरला आणि पाणी पुन्हा निवळ दिसू लागले. आता मासे आणायला हरकत नसावी, अशा समजुतीने सुमुख गुरुजींना घेऊन आला. गुरुजींनी पेटीतले थोडे पाणी काचेच्या लहान नळीत घेतले आणि त्यात औषधाचे काही थेंब टाकले. पाणी निर्दोष असेल तर ते पिवळे राहते. हे पाहता पाहता हिरवेगार झाले. गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या दिवसांनी असे व्हायला नको होते. त्यांनी गाळणी उघडून स्पंज बाहेर काढला. नव्या कोऱ्या वस्तूसारखा तो त्यांच्या तळहातावर बसला होता.

"धुतलास?"

"हो गुरुजी. उन्हातही वाळवला."

गुरुजींना हसू फुटले, आणि ते इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सुमुख ओशाळून उभा होता. मग, आपली रीत मोडून, ते बोलू लागले.

"बाळ, मासा पाण्यात नुसता राहत नाही. खातो, घाण करतो, आणि ती घाण पाण्यात विष होते. आपल्याला ते दिसत नाही, पाणी निवळच दिसतं. समुद्रात ते विष खाऊन जगणारे सूक्ष्म जीव जागोजाग आहेत. एक जण ते खातो, त्याचं जे उरतं तेही विषच, ते दुसरा खातो. तुझ्या पेटीत हे कोणीच नव्हते. त्यांना शिधा हवा म्हणून कोळंबी दिली, आणि माझ्याकडचे थोडे त्या काळ्या स्पंजातून पाठवले. घरी दही कसं लावतात? चमचाभर जुनं दही दुधात घालतात. तू विरजण नळाखाली धुतलंस आणि आता दुधाकडे बघत बसला आहेस."

सुमुखला हसू आले आणि रडूही. दसरा तोंडावर होता. आज मासे सोडले, तर उद्घाटनाला ते पोहताना दिसतील आणि पुढच्या आठवड्यात मरतील; तोवर आपले काम तर पार पडलेले असेल. हा विचार त्याच्या मनात आला नाही असे नाही. पण नळीतले हिरवे पाणी अजून समोर होते. "शेटयेकाकांना मी काय सांगू?" त्याने विचारले. गुरुजींनी आपली ती जुनी नजर त्याच्यावर रोखली आणि काळ्या स्पंजाचा दुसरा तुकडा आणायला ते घरी गेले.

सुमुख शेटयांपुढे जाऊन उभा राहिला. दसऱ्याला मासे येणार नाहीत, आणि चूक माझी आहे, असे त्याने सांगून टाकले. शेटयांचा चेहरा लाल झाला. पत्रिका, पाहुणे, अब्रू, सगळे एकदम त्यांच्या ओठांवर आले. तेव्हा सुमुखने विरजणाची गोष्ट जशी घडली तशी सांगितली.

शेटये ऐकता ऐकता खुर्चीवर बसले. अर्धे आयुष्य त्यांनी दह्याची वाट पाहण्यात काढले होते. "मगे असा सांग ना," ते म्हणाले. "घाई केल्यार दही लागणा नाय, ह्या माका नको शिकवू."

दसऱ्याला दुकान थाटात उघडले. दारातल्या पेटीत खडक होते, पाणी होते आणि एकही मासा नव्हता. जो तो थबकून विचारी, आणि शेटये प्रत्येकाला ऐटीत सांगत, की दही लावले आहे, अजून लागायचे आहे. सुमुखचे वडीलही आले होते आणि रिकाम्या पेटीकडे पाहून त्यांचा चेहरा पडला होता. शेटयांनी त्यांच्या हातात श्रीखंडाची वाटी दिली. "मासे घालून तुझो पोरगो मोकळो झालो असतो, तरी माका काय कळाचा नाय," ते म्हणाले. "हेका पुण्याक धाडू नको." वडिलांनी वाटी संपवली आणि पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

यथावकाश नळीतले पाणी पिवळे राहू लागले. आधी दोन केशरी मासे आले आणि पाणी त्यांना मानवल्यावर बऱ्याच दिवसांनी प्रवाळ. सुमुख समोरची काच रोज पुसतो. गाळणीतल्या काळ्या तुकड्याला मात्र नळ दाखवत नाही. माणसांनाही नव्या घरी, नव्या कामावर बोलावण्यापूर्वी आपण भिंती रंगवतो. तिथे रोज साचणारे कडू पचवणारे कोणी आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे.

पुढे एक दिवस सुमुखकडे एक नवखे गृहस्थ आले. त्यांनाही घरी समुद्राची पेटी हवी होती. गुरुजी त्या वेळी शेजारीच चहा घेत बसले होते. सुमुखने काळ्या स्पंजाचा एक तुकडा डब्यात घालून पाहुण्यांच्या हाती दिला, आणि त्यांनी काही विचारण्याआधीच म्हणाला, "हा धुऊ नका. का, ते सांगतो. बसा."

गुरुजींनी कप खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "एवढं मीही तुला सांगायला हवं होतं."