साइड स्टँडचा ताठा

पेट्रोल स्वस्त होतं त्या काळची गोष्ट. नर्स हौसाबाई बुटक्या. फटफटीवरून त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. म्हणून यासीन मिस्त्रींनी शॉकअप बदलून फटफटी दोन इंच खाली घेतली आणि साइड स्टँडपाशी करवत आणली.

"बाई बुटक्या, त्यात माझा काय दोष?" स्टँड म्हणाला. "मी कमी होणार नाही."

"अरे, तू एवढा लांब राहिलास तर तुझ्यावर कलायचं कसं? मी पडेन," फटफटी म्हणाली.

"मग ताठ उभी राहायला शीक."

मिस्त्रींनी करवत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे एका शेळीने फटफटीला अंग घासलं. फटफटी पलीकडे आडवी झाली. स्टँड आभाळाकडे वर झाला.

"बघा," तो म्हणाला, "सगळ्यांत उंच मीच!"

"हलू नकोस," करवत घेऊन आलेले मिस्त्री म्हणाले. "आता कापायला सोपं जाईल."