पाच हात जागा

"आधी तिनं यायला नको का, उस्ताद? तुम्हीच सांगा."

दस्तगीर उस्ताद क्लचची नवी तार ओढून बघत राहिले.

"चूक तिची. गाडी तिनं पाडली. आणि मी जाऊन हात जोडू?"

"मी कुठं म्हणालो जोड म्हणून?" उस्ताद म्हणाले.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. माझी जुनी स्कूटर दर पंधरवड्याला रुसते, त्यामुळे मिरजेतल्या त्या गॅरेजात मला घरच्यासारखं स्टूल मिळतं. गॅरेज म्हणजे तरी काय, पिठाची गिरणी आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये उरलेली लांबलचक बोळ. वर पत्रे. रुंदी पाच हात, त्यातही एका बाजूला पान्यांचं टेबल. उस्तादांचं वय सत्तरीचं, अंगानं पाप्याचं पितर. लोक गाडी घेऊन येतात आणि गाडी निमित्त होऊन बसते. आपापलं गाऱ्हाणं सांगून जातात.

हा आलेला अभयसिंह. सोळाव्या वर्षी उस्तादांकडेच गाडी शिकला. आता पस्तिशीचा, सहा फूट उंच, आणि दोनदा लडाखला जाऊन आलेला. दोनदा हे तो सांगितल्याशिवाय राहत नाही.

गोष्ट सगळ्या पेठेला ठाऊक होती. अभयची थोरली बहीण शकुताई विधवा झाली, तेव्हापासून त्याच्याकडेच राहत होती. अकरा वर्षं. त्याचा डबा तीच करायची. तीन आठवड्यांपूर्वी अंगण झाडताना ती त्याची जड मोटरसायकल जरा बाजूला घ्यायला गेली आणि गाडी पडली. अभय आतून धावत आला. शेजारपाजारचे बघत असताना म्हणाला, "हात लावायला कुणी सांगितलं होतं? ह्या घरात तुझं आहे काय?"

शकुताई त्याच संध्याकाळी मावसबहिणीकडे निघून गेली. आणि आज साडेपाचच्या एस्टीनं हुबळीला, लेकीकडे निघाली होती. कायमची.

"किती वाजले?" उस्तादांनी मला विचारलं.

"पावणेपाच."

"तुझी गाडी झाली, अभय. टाकीचा पोचा काढला, तार बदलली. काढ भाईर."

आता खरी गंमत होती. उस्तादांच्या गॅरेजात गाडी आत आणायची ती उलटी. रस्त्यावरच बंद करायची, उतरायचं, आणि मागचं चाक पुढं करून ढकलत आणायची. तोंड दाराकडे राहिलं पाहिजे. इथं यायला लागल्यापासून मीही तसंच करतो. पण सकाळी अभय आला तो इंजिन चालू ठेवून, सीटवर बसून, थेट आतल्या भिंतीपर्यंत. उस्ताद म्हणाले होते, "उलटी घे रं." त्यावर हा म्हणाला, "उस्ताद, मी लडाखला घाटात फिरवलीय. ही तर बोळ आहे."

उस्ताद पुन्हा पान्यांकडे वळले होते.

आणि आता गाडीचं नाक भिंतीला, शेपूट दाराकडे. मागं दोन खोलून ठेवलेल्या गाड्या, त्यांतली एक माझी.

अभय सीटवर बसला. पाय टेकत टेकत मागं सरकला. उलटी ढकलत काढणं त्याला कमीपणाचं, म्हणून फिरवायला हँडल पूर्ण वळवलं. वीतभर पुढं, वीतभर मागं. पुढं भिंत, मागं टेबल. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. आठ वेळा तरी झालं असेल. गाडी जिथल्या तिथं, आणि अभयच्या शर्टाची पाठ भिजून चिंब.

"मी देऊ फिरवून?" उस्तादांनी विचारलं.

"नको."

पाच वाजायला आले. मला राहवेना. म्हटलं, "रिक्षानं जा की. स्टँड काही लांब नाही."

"मी कुठं जाणारच म्हटलंय?" तो माझ्यावर खेकसला.

खेकसताना त्यानं माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, ते मला दिसलं.

मग तो खाली उतरला आणि हँडल धरून गाडीला हिसका दिला. एकदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्या हिसक्याला गाडीचा तोल त्याच्याकडे आला. त्यानं सावरायला पाहिलं, पण तेवढं वजन कलल्यावर कोण सावरणार? गाडी धाडकन आडवी झाली. टाकी टेबलाच्या लोखंडी पायावर आपटली. अभय भिंत आणि गाडी यांच्यामध्ये बसकण मारून पडला, एक पाय खाली अडकलेला.

एरवी मी 'गर्वाचं घर खाली' म्हणून मोकळा झालो असतो. पण त्याचा चेहरा पाहिला आणि स्टुलावरून उठलो.

उस्तादांनी हातातला पाना टाकला. आम्ही दोघांनी मिळून गाडी उचलून भिंतीला टेकवली. उस्तादांनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते अभयसमोर उकिडवे बसले. त्याचा बूट काढला, मोजा काढला, आणि काळ्या बोटांनी घोटा दाबून पाहिला.

"लागलं का रं?"

"टाकी गेली, उस्ताद... पुन्हा पोचा..."

"टाकी राहू दे. हितं दुखतंय?"

"नाही."

"बोटं हलव."

अभयनं पायाची बोटं हलवली.

"सगळी हलव."

त्यानं सगळी हलवली. उस्तादांनी करंगळीसुद्धा दाबून पाहिली. मग माठातलं पाणी तांब्यात आणून खरचटलेली जागा धुतली. सावकाश, जणू वेळच वेळ आहे.

अभय त्या हातांकडे बघत होता.

"उस्ताद..."

"हं."

"त्या दिवशी ताई पण अशीच खाली बसली होती. पाय गाडीखाली..."

"हं."

"मी आधी टाकी बघितली."

उस्ताद पाय धूत राहिले. शेजारची गिरणी नेमकी तेव्हाच बंद झाली, आणि बोळीत एवढी शांतता पसरली की मला माझ्याच घरची चार-दोन माणसं आठवली. आपलंही कधी कुणाला 'लागलं का' विचारायचं राहून गेलं, असं वाटून मी मान खाली घातली.

"ती आठवडाभर लंगडत..." अभय म्हणाला. "मावसबहीण सांगत होती. मला वाटलं, नाटक करतेय."

सहा फूट माणूस, ऑइलच्या डागांवर बसून रडत होता. उस्तादांनी त्याला रडू दिलं.

"ऊठ," मग ते म्हणाले. "गाडी डबल स्टँडवर घे."

अभय उठला. गाडी धरली आणि सवयीनं दंडाच्या जोरावर वर ओढायला लागला. गाडी हलेना.

"उचलू नगं. स्टँडवर पाय दे आन् नुसता हुभा ऱ्हा."

अभयनं स्टँडवर पाय दिला. अंगाचा सगळा भार त्या पायावर सोडला. आणि एवढं धूड आपसूक मागं सरकून वर आलं.

उस्तादांनी स्टँडच्या पायांखाली पत्र्याचा एक तुकडा सारला, त्यावर चमचाभर जुनं ऑइल टाकलं. मग गाडीच्या मागच्या टोकावर दोन्ही तळवे दाबले. पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. आणि ते पाप्याचं पितर पाय सरकवत सरकवत चालू लागलं. गाडी जागच्या जागी फिरली. हँडल भिंतीला लागतंय लागतंय म्हणेपर्यंत निसटलं. बघता बघता तोंड दाराकडे झालं.

अभय बघतच राहिला.

"जागा तर तेवढीच होती, उस्ताद."

"जागा तेवढीच हाय."

"मग मी एवढा वेळ..."

"तू पुढं-मागं करत हुतास. ही थांबली, म्हणून फिरली."

मी माझी स्कूटर बाजूला घेतली. दुसरी गाडी उस्तादांनी रस्त्यावर नेली. अभय आपली मोटरसायकल हातानं ढकलत बाहेर घेऊन आला, बसून नव्हे. टाकीवरचा नवा पोचा उन्हात ठळक दिसत होता. त्यानं तो पाहिला की नाही, कोण जाणे.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानं किक मारली. इंजिन लागलं. तरी तो निघेना. एक पाय जमिनीवर टेकून तसाच थांबला.

"उस्ताद, तिला काय म्हणू?"

उस्ताद फडक्यानं हात पुसत होते. बोटं झाली, मग मनगटं...

"आणि चल म्हटल्यावर ती नाहीच म्हणाली तर? सगळ्यांसमोर बोललोय मी तिला. का यावं तिनं? नाही म्हणाली, तर मी काय करू?"

उस्तादांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"मग तिची पिशवी उचल. आन् खिडकीजवळची जागा बघून दे."